सगळ्या वर्गाचे एकच आजोबा

पडद्यावर माझ्या विद्यार्थिनीच्या, प्रतीक्षाच्या, उत्तरपत्रिकेचं पान होतं. उत्तरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. हॉल पालकांनी भरलेला. पुढे लातूरचे डॉक्टर, बियाण्यांचे व्यापारी, ठेकेदार. मागे एसटीनं आलेले खेड्यापाड्यांतले लोक. शिकवणी वर्गाचे संचालक माइक घेऊन उभे होते. मला त्यांनी स्टेजवर बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली नव्हती.

"मॅडमचं इंग्लिश ऐकलं की वाटतं, काय बाई आहे," ते पालकांना म्हणाले. "पण पोरांकडून असलं काही लिहून आलं, की कळतं माणूस कुठून आलंय."

लोक हसले. आधी पुढच्या रांगा. मग मागच्या, पुढचे हसले म्हणून.

मी कुठून आले ते मी कधी लपवलं नाही. लोह्याजवळच्या खेड्यातून. वडील सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मी नांदेडच्या वसतिगृहात राहून इंग्रजीतून एम. ए. केलं. अहमदपूरला इतिहास आणि इंग्रजी शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. संचालकांना हे सगळं ठाऊक होतं. ते वाक्य त्यांना सहज सुचलेलं नव्हतं. बेतून आणलं होतं.

नातवंडांनो, तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत, आजी, इतिहासाच्या पेपरात उत्तरं कशी लिहायची. सांगते. तंत्राला मी कमी लेखत नाही. आधी सगळा पेपर वाचायचा. प्रश्न काय करायला सांगतो ते पाहायचं. 'कारणे द्या' म्हटल्यावर वर्णन करत बसायचं नाही. वेळ गुणांप्रमाणे वाटायचा. पहिल्याच वाक्यात उत्तर द्यायचं, मग कारण, मग उदाहरण. सनावळीची खात्री नसेल तर सन लिहायचाच नाही, परीक्षकाला आयती फट मिळते. महत्त्वाच्या शब्दाखाली पेन्सिलीची एक रेघ. एकच. सगळंच अधोरेखित केलं की काहीच महत्त्वाचं राहत नाही. आणि शेवटी वाचायला वेळ ठेवायचा.

निवृत्तीनंतर हेच शिकवायला मी लातूरच्या त्या वर्गात जात होते. दहावीची पोरं. हुशार. शंभरपैकी शंभरच्या खाली घरात तोंड दाखवायची सोय नसलेली.

तिथल्या छापील नोट्समध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. 'तुमचे मत लिहा' या प्रश्नाचंही होतं. मत तुमचं, छापलेलं, पाठ करायचं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी का जपाव्यात, यावर ते मत असं: 'माझे आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते. त्यांनी रात्रीच्या अंधारात सीमेवरच्या शिबिरात धान्याची पोती पोहोचवली. त्यांच्या त्यागामुळे आज आपण मोकळा श्वास घेतो.'

हे आजोबा संचालकांचे. त्यांची तसबीर ऑफिसात होती, रोज ताजा हार. घरचा अनुभव लिहिला की परीक्षक खूश होतो, असा संचालकांचा शोध. म्हणून त्यांनी आपल्या घरचा अनुभव सगळ्या वर्गाला वाटून टाकला. त्याच आजोबांची जमीन मात्र कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही.

सराव परीक्षेचे पेपर तपासायला बसले, की सगळ्या पोरांचे आजोबा तीच पोती वाहून राहिलेले. डॉक्टरच्या पोराचे, सोनाराच्या पोराचे. अर्धापूरच्या एका मुलीचे आजोबा अधूनमधून एसटीनं घरचा डबा घेऊन वर्गाच्या दारात यायचे. केळीच्या बागेत काम करणारा धडधाकट माणूस. त्यांचाही त्याग झालेला. आज दहावीत असलेल्या पोरांचे आजोबा निजामाच्या वेळी बहुतेक जन्मलेही नव्हते, हे ना पोरांच्या लक्षात आलं, ना मार्क देणाऱ्यांच्या. इतिहासाचा पेपर, आणि त्यात कुणाला काळाचं भान नाही. मी संचालकांना हे दाखवलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तपासणाऱ्याला वेळ कुठंय? आजोबा चालून राहिलेत ना. चालू द्या."

प्रतीक्षा लोह्याकडची. तिचे वडील तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. पोरीचं डोकं पाहून वर्गानं तिला फीमध्ये सवलत दिली होती आणि पहिल्या तुकडीत बसवलं होतं. जाहिरातीत फोटोही छापला होता, गरीब घरातलं रत्न म्हणून. ती एकदा तास संपल्यावर थांबली.

"मॅडम, माझा आजा त् सालगडी होता. आन् त्याचा बापबी. मंग ही पोती मी कुणाची लिहू?"

सगळ्या तुकडीत हा प्रश्न एकटीला पडला होता. मी तिला म्हटलं, घरी जा. म्हाताऱ्या माणसांना विचार. जे कळेल ते लिही. तंत्र माझं, मत तुझं.

तिनं लिहिलं ते असं:

'माझ्या मते आठवणी सगळ्यांच्या जपल्या पाहिजेत. निजामाचे राज्य गेले त्या दिवशी माझे पणजोबा मालकाच्या शेतात वखर हाकत होते. मालकाला बातमी कळली होती. त्याने सांगितली नाही, कारण गडी काम टाकून गावात गेले असते. पणजोबांना पुढच्या बाजारी कळले. म्हणून स्वातंत्र्य कोणाला कधी कळले, हेही लिहून ठेवले पाहिजे.'

मी पूर्ण मार्क दिले. न देऊन चालणारच नव्हतं. पहिल्या वाक्यात मत, मग उदाहरण, मग निष्कर्ष. एक शब्द जास्तीचा नाही. संचालकांनी तो पेपर माझ्या कपाटातून काढून नेला, त्यावर लाल फुली मारली आणि पालक मेळाव्यात पडद्यावर लावला.

"नकारात्मक उत्तर," ते माइकवर समजावून सांगत होते. "मालकावर सरळ आरोप. बोर्डाचा पेपर तपासणारा कुणाच्या घरचा असतो, ह्याचा विचार नको?"

पुढच्या रांगांनी माना डोलावल्या. ते कुणाच्या घरचे, हे सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला. हळू आवाजात म्हणाले, पण माइक चालूच होता. "मॅडम, पालकांना सांगा, हे उत्तर चुकलं. नोट्समधलं वाचून दाखवा. नाहीतर पोरगी उद्यापासून शेवटच्या तुकडीत. सवलत बंद."

प्रतीक्षा तिसऱ्या रांगेत होती. तिच्या वडिलांना खास फोन करून, दिवसाचं काम बुडवून बोलावलं होतं. ते दाराशी उभे होते. त्यांनी हात जोडले. मला की संचालकांना, ते कळलं नाही.

मला माझे वडील आठवले. मॅट्रिकचा निकाल घेऊन मी त्यांच्याबरोबर मालकाकडे गेले होते. दाखवायची पद्धत होती. मालक म्हणाला, "बरं झालं. कागद वाचायला आता घरचंच एक माणूस झालं." घरचं म्हणजे त्याच्या घरचं. माझे वडील हसले. त्यांना दुसरं काही करणं परवडणारं नव्हतं. मालकाला वाटलं, ते खूश झाले. अशा लोकांना नेहमी असंच वाटतं. समोरचा हसला म्हणजे खूश झाला. हात जोडले म्हणजे पटलं. आपलेच आजोबा सगळ्या गावाचे आजोबा.

मी माइक तोंडाजवळ धरला.

"हे उत्तर बरोबर आहे. मार्क मी दिलेत. ते कमी होणार नाहीत."

आणखीही बोलणार होते. माइक बंद केला गेला. संचालकांनी दुसरा माइक घेतला आणि मॅडमचं वय झालंय, उन्हाचा त्रास होतो, असं काहीतरी सांगितलं. पुन्हा हशा. मग गुणवंतांच्या वडिलांना फेटे बांधायचा कार्यक्रम सुरू झाला. मी पायऱ्या उतरून बाहेर आले. मला कुणी अडवलं नाही. अडवण्याइतकी माझी किंमत त्यांच्या लेखी नव्हती, आणि त्यांची माझ्या लेखी उरली नव्हती.

बाहेर प्रतीक्षाचे वडील मागोमाग आले, त्यांच्यामागे ती. वडील रागात होते.

"बाई, तुम्ही बोलून मोकळ्या झाल्या. तुम्हाला पेन्शन हाय. माझ्या पोरीचं काय?"

प्रश्न रास्त होता. आत बसलेल्या कुणालाही इतका रास्त प्रश्न पडला नव्हता. मी काही बोलायच्या आत प्रतीक्षा म्हणाली, "बापू, बाईनं न्हाई लिहिलं. म्या लिहिलं. पुन्हा इचारलं तर पुन्हा हेच लिहीन."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा रुमाल झटकून बस स्टँडकडे चालू लागले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मी तो वर्ग सोडला. प्रतीक्षाला शेवटच्या तुकडीत टाकलं. सवलत गेली. मग तीही वर्ग सोडून गेली, आणि आता लातुरात मामाकडे राहून संध्याकाळी माझ्याकडे येते. तिच्याबरोबर शेवटच्या तुकडीतली आणखी पोरं येतात. मी त्यांना सगळं तंत्र शिकवते. वेळ, समास, पहिलं वाक्य, सगळं. घड्याळ लावून पेपर सोडवून घेते. खाडाखोड खपवून घेत नाही. पण 'तुमचे मत' आलं की मी खुर्ची खिडकीकडे वळवून बसते. त्या उत्तरात मी शब्द घालत नाही आणि काढतही नाही.

संचालकांनी निरोप पाठवला होता. झालं गेलं सोडा, इंग्लिश शिकवायला तरी या. मी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. पेपर कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही. मालकाच्या घरचा कुणी निघेलही. प्रतीक्षाला मी मालकाबद्दलचं ते वाक्य मवाळ करायला सांगणार नाही. तिनं विचारलं तरी नाही, तिच्या वडिलांनी विचारलं तरी नाही. मार्क कापले गेले, तर मी उत्तरपत्रिकेची प्रत मागवीन, विभागीय मंडळात जाईन, आणि नेमक्या कोणत्या शब्दासाठी कापले, ते लेखी घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.