धुरीकाकांचा चार तासांचा गेम

धुरीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मांडीवरच्या उशीकडे बघून शिव्या देत होते. डावा हात खुर्चीच्या हातावर लांब पसरलेला, त्यात दोन जाड सुया, सुयांमधून रक्त मशीनमध्ये जाऊन परत येतंय, आणि उजव्या हाताची बोटं उशीवर ठेवलेल्या एका राखाडी डबीवर टकटक चाललेली. "ऊठ मेल्या, तुका हयसर झोपूक हाडलंय काय?" असं ते त्या डबीला म्हणाले. मला वाटलं, माणसाच्या डोक्यात युरिया चढलाय. डायलिसिसवाल्या पेशंटचं तसं होतं कधीकधी, हे मी वाचलं होतं. मी सगळंच वाचलं होतं. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली पहिली, आणि पप्पांच्या किडन्या गेल्या म्हटल्यावर त्यांच्या आजाराबद्दल जे म्हणून वाचता येईल ते मी वाचून काढलं होतं.

ती डबी म्हणजे हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम होता. धुरीकाकांचं जोगेश्वरीला एकेकाळी गेमचं दुकान होतं. मुलं तासावर पैसे देऊन खेळायची. मोबाईल आले आणि दुकान गेलं. टीव्ही, खुर्च्या, सगळं विकलं, ही एक डबी कोणी घेतली नाही म्हणून राहिली. चारकोपला एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे, स्वस्त पडतं म्हणून ते जोगेश्वरीहून तिथे यायचे. आम्ही चारकोपचेच. पप्पा तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या मशीनवर कामाला होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारची पाळी पप्पांची आणि धुरीकाकांची एकच. खुर्च्या शेजारी-शेजारी.

गेम साधा होता. गावोगाव फिरायचं, वाटेत राक्षस भेटतात ते पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि प्रत्येक गावच्या पहिलवानाच्या राक्षसांशी लढवायचं. सगळ्यांना हरवलं की शेवटी राजा. काका त्या राक्षसांना जनावरं म्हणायचे. गेम जुना, त्यामुळे जनावरं मोजकीच, आणि चांगली जनावरं हवी असतील तर दुसऱ्या डबीला वायर जोडून अदलाबदल करावी लागायची. काकांकडे ना दुसरी डबी, ना वायर. त्यात आतला सेल मेलेला. म्हणजे डबी बंद केली की खेळलेलं सगळं पुसलं जायचं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. काकांनी त्याचाच नियम करून टाकला होता: सुया टोचल्या की गेम चालू, खुर्चीवरून उठलो की बंद. चार तासांत राजापर्यंत पोचायचं. एवढ्या वेळात निवडत बसायला जागा नाही, म्हणून वाटेत जे पहिलं समोर येईल ते टोळीत. "जां गावलां, तां आपलां," असं म्हणायचे. एरवी ते आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी बाहेर यायची ती जनावरांशी बोलताना, नाहीतर खूश असताना.

मी त्यांना एकदा सांगितलं की तो सेल बदलून मिळतो, मी करून आणते, मग गेम सेव्ह होईल. त्यांनी डबी माझ्यापासून लांब सरकवली. म्हणाले, "नको गो बाय. सेव्ह झालं की माणूस उद्या बघू म्हणतो. आमच्या खुर्चीला ते परवडत नाही."

पप्पा तेव्हा कोणाशीच बोलत नव्हते. आई गेल्यापासून ते तसे कमीच बोलायचे. डायलिसिस लागल्यावर तेही थांबलं. खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, चार तासांनी उघडायचे. घरी येऊन झोपायचे, दुसरा दिवस अंग सावरण्यात जायचा, तिसऱ्या दिवशी परत तेच. मी ऑफिसात दुपारची सुट्टी मागून मागून सगळ्यांच्या डोळ्यांवर आले होते. दोघंही दमलो होतो, फक्त मी ते बोलत नव्हते. एका सोमवारी सकाळी पप्पा म्हणाले, "मला नाय जायचं आता. बस झालं." मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवले, डायलिसिस थांबवलं तर माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत जातो हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे. यावर माझ्याकडे वाचलेलं काही नव्हतं. शेवटी भांडून, हाताला धरून रिक्षात घातलं.

त्या दिवशी मी धुरीकाकांसमोरच सिस्टरना सांगितलं की पप्पा यायला तयार नाहीत. काकांनी ऐकलं. समजावणं वगैरे काही नाही. गेमच्या सुरुवातीला तीन जनावरांतून एक घ्यावं लागतं, ते तीन पडद्यावर आले तेव्हा त्यांनी डबी पप्पांकडे वळवली आणि विचारलं, "गाववाले, कुठलं घेऊ?" पप्पांनी डोळे उघडले नाहीत. काका थांबले. सिस्टर दोनदा येऊन गेल्या तरी ते डबी तशीच धरून बसलेले. बऱ्याच वेळाने पप्पांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "ते मधलं घ्या." कटकट मिटावी म्हणूनच म्हणाले असणार.

मधलं म्हणजे बेडकासारखं काहीतरी होतं आणि तिघांत सगळ्यात मठ्ठ. पहिल्याच पहिलवानाने त्याला लोळवलं. काका एरवी भरभर पुढे जायचे, त्या दिवशी चारही तास पहिल्या गावातच अडकले. दर पाच मिनिटांनी पप्पांना ऐकवत होते, "ह्यां काय निवडलात गाववाले? ह्यां तर उभ्याउभ्या झोपता." पप्पा डोळे मिटून. निघताना मात्र, पट्टी बांधलेला हात सांभाळत, मला नाही, काकांना म्हणाले, "डाव्या अंगाचं घ्यायला पाहिजे होतं." बुधवारी मी आंघोळ करून आले तर पप्पा शर्ट घालून दारात बसलेले.

मग ते रोजचंच झालं. जनावर पप्पांनी निवडायचं, नाव दोघांनी मिळून ठेवायचं, लढाई काकांची. नावं तरी काय, एक 'बांगडा', एक 'सुपरवायझर', आणि एक वटवाघूळ होतं ते सतत पळून जायचं, त्याला पप्पांनी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव दिलं. मी बाजूच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत बसायचे आणि वर्षानुवर्षं न ऐकलेला पप्पांचा आवाज ऐकायचे. बारीक, कुरकुरणारा, पण होता.

धुरीकाका देवमाणूस नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीसाठी इतर पेशंटशी भांडायचे. सिस्टरने सुई जरा वाकडी टोचली तर सबंध वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलायचे. आणि पेज प्यायचे. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून असतं. लघवी होत नाही, प्यायलेलं सगळं अंगात साठतं, शेवटी श्वास कोंडतो. काका पाणी अगदी मोजून प्यायचे, पण सकाळ-संध्याकाळ वाडगाभर पेज. पेज म्हणजे पाणी थोडंच, जेवण आहे, असं त्यांचं म्हणणं.

एका सोमवारी पप्पांना रिक्षातून उतरून सेंटरच्या दारापर्यंत चालवेना. पायऱ्यांवर बसले आणि मासा तोंड उघडतो तसं तोंड उघडून श्वास घ्यायला लागले. पटकन मशीनवर घेतलं म्हणून निभावलं. नंतर विचारलं तर कळलं, मी ऑफिसला गेले की पप्पा स्वतः तांदूळ शिजवून पेज करत होते. धुरी पितो, मग मला काय झालं?

मी धुरीकाकांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. तांदूळ किती असतो त्यात आणि पाणी किती, तुमचं तुम्ही मरा, माझ्या बापाला कशाला शिकवता, असंच बोलले. ते वयाने मोठे होते. मला अजूनही त्यात चूक काही वाटत नाही. काकांनी आधी वाद घातला, मालवणात ताप आलेल्या पोरालासुद्धा पेज देतात म्हणाले. मग त्यांनी पप्पांच्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि वाद सोडला. त्या दिवशी डबी पिशवीतून निघालीच नाही. पाळी संपताना माझ्याकडे बोट करून पप्पांना म्हणाले, "चेडू शिकलेलां आसा गाववाले, तां म्हणता तां खरां. पण तहान काय शिकून जाता?"

बुधवारी ते नवीन नियम घेऊन आले. मशीनवर घ्यायच्या आधी सिस्टर वजन करतात; मागच्या वेळेपासून जे वाढलं ते अंगातलं पाणी. ज्याचं वजन कमी वाढलेलं, त्या दिवशीचं जनावर त्याने निवडायचं. पप्पांनी मान डोलावली. दोन म्हातारे काट्यासमोर चपला काढून, खिशातली नाणी, किल्ल्या बाकावर ठेवून उभे राहायला लागले. एकदा पप्पांनी बेल्टसुद्धा काढला आणि काकांनी सिस्टरकडे तक्रार केली. पेज दोघांचीही सुटली. मी वर्षभर घरात पाण्याच्या मापाचे तक्ते चिकटवून जे करू शकले नव्हते ते एका बेडकावरून झालं, आणि मला आनंद झाला असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगते, मला आधी राग आला.

राजापर्यंत ते एकदाच पोचले. त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं, पप्पांनी निवडलेलं जनावर पहिल्यांदाच बरं निघालं होतं. राजाची अर्धी फौज पडली आणि काकांची वेळ संपली. सिस्टर सुया काढायला आल्या. काका म्हणाले, दोन मिनिटं. सिस्टर म्हणाल्या, पुढचा पेशंट बाहेर उभा आहे. सुया काढल्या की त्या जागी दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्ताची धार लागते. म्हणजे काकांचे दोन्ही हात अडकले. पप्पांचं मशीन अजून चालू होतं, पण एक हात मोकळा होता. खुर्चीवरून उठेपर्यंत गेम चालू, नियमच तसा. त्यांनी कोपराने उशी पप्पांकडे ढकलली. "तुम्ही मारा."

पप्पांनी ती डबी कधी हातात धरली नव्हती. मशीनवरच्या माणसाच्या तोंडावर रंग नसतो. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. काका रक्त दाबून धरत ओरडत होते, वरचं, वरचं दाबा, अहो ते पळायचं बटण आहे. सिस्टर चिकटपट्टी हातात घेऊन पडद्यात डोकावून उभ्या. पप्पांचं एकेक जनावर पडत गेलं. शेवटचं 'सुपरवायझर' होतं, तेही पडलं. पप्पा हळूच म्हणाले, "माझ्यामुळे गेलं."

काकांनी पट्टी बांधून घेतली, उठले, डबी बंद केली. "बरां झालां," म्हणाले. "जिंकलो असतो तर शुक्रवारी काय केलं असतं?"

त्यानंतर काही महिन्यांनी ते गावाला गेले, कायमचे. सुनंदाकाकूंना, त्यांच्या बायकोला, जोगेश्वरीच्या खोलीचे जिने चढवत नव्हते, गावी भावाचं घर रिकामं होतं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आता डायलिसिस होतं. शेवटच्या दिवशी काही विशेष झालं नाही. दोघांच्या अंगात त्राण नव्हतं. काका तिसऱ्या गावातच हरले. डबी पिशवीत टाकली, पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "येतो गाववाले." डबी पप्पांना देतील असं मला उगाच वाटलं होतं. त्यांनी ती नेली. त्यांनाही तिकडे चार तास काढायचेच होते.

पप्पांच्या शेजारी दुसरा पेशंट आला, तो मोबाईल कानाला लावून झोपायचा. पप्पा पुन्हा डोळे मिटून बसायला लागले. दर फेरीला सकाळी मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे की आज म्हणतात का, बस झालं. म्हणाले नाहीत. पण बाकीही काही म्हणाले नाहीत.

आणि एका मंगळवारी ऑफिसात असताना सुनंदाकाकूंचा फोन आला. धुरीकाका सकाळी उठलेच नाहीत. रडून झालेल्या आवाजात त्या म्हणाल्या, त्रास काही झाला नाही, झोपेतच गेले. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मला काकांचं वाईट वाटायच्या आधी पप्पांचा बुधवार आठवला. त्यांना कळलं तर ते उठणार नाहीत, आणि या वेळी हात धरून रिक्षात घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी घरी काही बोलले नाही. बुधवार गेला, शुक्रवार गेला. पुढचा सोमवार आला.

सोमवारी परत येताना रिक्षा एका जागी बराच वेळ अडकली. पप्पा हात छातीशी धरून बसले होते. मला आता तोंड दाबून राहवेना. मी म्हटलं, पप्पा, धुरीकाका गेले.

"माहीत आहे," पप्पा म्हणाले. "सुनंदावहिनींनी आधी मलाच फोन केला होता. तू बोलली नाहीस, मग मीपण नाय बोललो. म्हटलं पोरीला त्रास नको."

मी म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी तुम्ही मशीनवर गेलात कसे?

पप्पांना या प्रश्नाचा जरा कंटाळाच आल्यासारखा दिसला.

"कसे म्हणजे? धुरी काय हौसेने यायचा काय? तुम्हाला तो खेळताना दिसायचा. मी शेजारी बसायचो, मला तो दमलेला दिसायचा." मग बाहेर बघत म्हणाले, "तरी यायचा ना."