दोन लाल, एक निळा

ताई गालिच्याच्या कारखान्यातून निसटली. धाकटा भाऊ पुन्हा आत अडकला. त्याचं खापर फोडायचं तरी कुणाच्या डोक्यावर, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

दूरच्या एका काकाने दोघांना लहानपणीच तिथे आणून सोडलं होतं. काम शिकवू, शाळेतही घालू, असं मालक म्हणाला होता. शाळा काही दिसली नाही. दाराला बाहेरून कुलूप असे. मुकादम रंग पुकारायचा, "दोन लाल, एक निळा." मागावरच्या पोरांनी तेच मोठ्याने म्हणत गाठी मारायच्या. जो गप्प राहील त्याच्या पाठीत काठी. गालिचा पुरा झाला की मुकादम म्हणायचा, "उतरव." मग सगळ्यांनी उठून दाराशी येऊन उभं राहायचं.

एकदा लोकरीची पोती आत घेताना दार उघडं राहिलं. दोघं पळाली आणि भाजीबाजारात रिकाम्या टोपल्यांमागे दडली. मुकादम मागोमाग आला. त्याने शोधाशोध केलीच नाही. रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो सावकाश म्हणाला, "दोन लाल, एक निळा."

ताईने स्वतःचं तोंड दाबून धरलं. धाकट्याचं दाबायचं तिला सुचलंच नाही.

"दोन लाल, एक निळा," शेजारून खणखणीत आवाज आला.

मग धाकटा पांढराफटक पडला. "तू पळ," एवढंच म्हणाला. ती पळाली, तो मुकादमाच्या हाती लागला.

एका शिलाईवाल्या मावशींनी तिला घरात घेतलं. दोघींनी मिळून पोलीस चौकीवर खेटे घातले. आज साहेब नाहीत, आज साहेब कामात आहेत. शेवटी साहेब एकदाचे कारखान्यात जाऊन आले.

"अगं, सगळी गाणी म्हणत काम करतात. तुझ्या भावाला विचारलं. मजेत आहे म्हणाला."

"मुकादम कुठे होता तेव्हा?"

"शेजारीच. भला माणूस. चहा पाजला."

"म्हणजे तुमचंही मजेत झालं," मावशी म्हणाल्या.

"ते गाणं नाही, साहेब," ताई म्हणाली. हे ती कितव्यांदा सांगत होती कोण जाणे. "आज दुपारी चला. न कळवता. मुकादम जेवायला गेला की."

साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले. मावशींनी समोरच्या खुर्चीत ठाण मांडलं, तेव्हा कुठे ते उठले.

कारखान्याच्या दाराला कुलूप होतं. आतून मागांची ठकठक ऐकू येत होती. ताईने दाराला तोंड लावलं आणि मुकादमाच्या सुरात म्हणाली, "उतरव."

ठकठक थांबली. अनवाणी पावलं दारापाशी आली आणि तिथेच थांबली.

"आता त्या पोरांना दार उघडायला सांगा," ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. "किल्ली मालकाकडे असणार. उद्या बघू या."

"उद्या कशाला? हातोडी आणते ना मी," मावशी म्हणाल्या आणि समोरच्या सुताराकडे निघाल्यासुद्धा.

"ताई?" आतून धाकट्याचा आवाज आला. "आता काय म्हणायचं?"

तिला राग आला, त्याचा नव्हे. "तुला काय हवंय ते म्हण."

आतून कुणीतरी दार ढकलून पाहिलं.

"दार उघड," धाकटा म्हणाला.

त्याच्यामागून सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "दार उघड."

साहेबांनी कुलूप सोडलं आणि मावशी कुठवर आल्या ते बघायला मान वळवली.