एका घशातले दोघं

आमच्या अण्णांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी. आत जाताना तपासणी, बाहेर येताना तपासणी. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. वर्षानुवर्षं रोज असं चाललं की माणूस घरी येऊन दुसऱ्यांना तपासायला लागतो. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघायचे. घरातलं घड्याळ प्रेसच्या भोंग्यावर लावायचे, आणि वर म्हणायचे, भोंगा वाजवणारा पण माणूसच आहे. माझं प्रगतिपुस्तक तर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे, नोट धरतात तसं. कुठं खाडाखोड आहे का बघायला. होती पण एकदा. सापडली पण.

एकच गोष्ट ते तपासायचे नाहीत. बुधवारचं नाटक.

बुधवारी दुपारी साडेबाराला रेडिओवर रहस्यनाटकाचा भाग लागायचा. अण्णा तेव्हा प्रेसमध्ये, कँटीनच्या रांगेत. माझी शाळा सकाळची, मी घरी. मग ठरूनच गेलं होतं, की मी ऐकायचं आणि अण्णा साडेचारला आले की सांगायचं. सांगायचं म्हणजे नुसतं नाही हां. ते हातपाय धुऊन, चहा घेऊन कॉटवर बसायचे आणि मी समोर उभी राहून अख्खा भाग करून दाखवायचे. बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज, दार, जिना, कुत्रं, सगळं. रेडिओतलं दार कुणाच्याही घरातलं असो, एकसारखंच कुरकुरतं. आणि कुत्रं तर मुंबईतल्या बंगल्यातलं असो की कोकणातल्या वाडीतलं, एकच. मला त्याच्या भुंकण्यातली खोकल्याची उबळसुद्धा पाठ होती.

आमच्या क्वार्टरच्या लायनीत आणखी तीन-चार घरी असंच चालायचं. ज्यांचे वडील पहिल्या पाळीला, त्यांची पोरं नाटक ऐकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हे सगळे बाप जमायचे आणि खुनी कोण यावर वाद घालायचे. नाटक एकानंही ऐकलेलं नाही, आणि वाद असा की कोर्टातसुद्धा नसेल.

त्या वर्षी जे नाटक चालू होतं त्यात एक म्हातारे वकील दुधाचा पेला पिऊन मेले होते. संशयित चार. दम लागल्यासारखी बोलणारी बहीण, सारखा हसणारा भाचा, डॉक्टर आणि माळी. शिवाय एक इन्स्पेक्टर, तोंडात पान असल्यासारखा.

नकला करणाऱ्याला एक खोड असते. लोक काय बोलतात ते त्याला ऐकू येतच नाही, ते कुठून बोलतात ते ऐकू येतं. नाकातून, टाळूतून, पोटातून. मी दुसऱ्याच भागात डॉक्टर करायला गेले आणि माझा घसा आपोआप माळ्याच्या जागी जाऊन बसला. दोघंही वाक्याआधी हळूच आवंढा गिळायचे. दोघांच्याही ‘स’ला बारीक शिट्टी. डॉक्टर शुद्ध बोलायचा आणि माळी ‘व्हय जी, न्हाय जी’ करायचा. पण घसा एक.

मी काय समजायचं? सरळ आहे. डॉक्टरच माळ्याचे कपडे घालून बागेत हिंडतोय. रेडिओत कपडे दिसत नाहीत म्हणून बाकीच्यांना कळत नाहीये. मग मी पाळत ठेवली. तीन भाग लक्ष देऊन ऐकले. माळी आला की डॉक्टर नुकताच गेलेला. डॉक्टर आला की माळी विहिरीवर. एकदाही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आता एवढं उघड असताना तो पानवाला इन्स्पेक्टर दर बुधवारी बहिणीचीच उलटतपासणी घेत बसायचा. माझा नुसता जळफळाट.

शेवटी पाचव्या भागाला मी त्याला थोडी मदत केली. रेडिओत नाही, ते माझ्या हातात नव्हतं. साडेचारच्या प्रयोगात.

माळी बहिणीला फुलं द्यायला येतो, असा प्रसंग होता. मी माळ्याच्या आवाजात म्हटलं, ‘‘घ्या बाईसाहेब, ताजी हायेत.’’ आणि मग हळूच, डॉक्टरच्या शुद्ध आवाजात, ‘‘नाडी बघू.’’ लगेच पुन्हा माळी, ‘‘न्हाई, म्हंजी, हार बघू म्हनलं.’’

अण्णांनी कप खाली ठेवला.

‘‘काय म्हणाला? परत म्हण.’’

मी परत म्हटलं.

‘‘माळी नाडी कशाला बघेल?’’

‘‘मला काय माहीत? त्यानं म्हटलं, मी सांगितलं.’’

आई गहू निवडत होती. तिनं मान वर केली. ‘‘असं कुठं म्हणाला गं?’’

‘‘तू तेव्हा नळावर गेली होतीस.’’

हे मात्र खरं होतं. पाणी पावणेएकला यायचं आणि दर बुधवारी नाटकाचा मधला तुकडा आईचा बुडायचाच. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि परत खडे काढायला लागली.

अण्णा येरझाऱ्या घालायला लागले. दुधात बोट बुडवणारा माणूस तो. आता त्यांना माळ्याचा संशय आला होता, डॉक्टरचा आला होता. माझा नाही आला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये अण्णांनी जाहीर केलं, की डॉक्टर आणि माळी एकच आहे, खून त्यानंच केलाय. तिथं त्यांचे एक दोस्त होते, नामपूरकडचे, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या घरी काकू नाटक ऐकायच्या. काका म्हणाले, आमच्या घरी तर असं काही झालेलं नाही. त्यावर अण्णा काय म्हणाले ते त्यांनीच संध्याकाळी घरी येऊन छाती फुगवून सांगितलं. ‘‘म्हटलं, तुझी बायको फोडणी देता देता ऐकते. माझी पोरगी शब्द न् शब्द सांगते. तिचं खोटं निघालं तर मला विचार.’’



तेवढ्यानं भागलं नाही. नाटकाचा शेवटचा भाग ज्या बुधवारी होता त्या दिवशी सणाची सुट्टी होती. अण्णांनी काकांना घरीच बोलावलं. ‘‘समोर बसून ऐक म्हटलं, एकदाचा तुझा संशय फिटू दे.’’

म्हणजे आता सगळं त्या डॉक्टरच्या हातात होतं. तो माळी निघाला, तर माझं वाक्य खपून गेलं. रेडिओत ते होतं की नव्हतं, कोण विचारतंय. पण माळी नुसता माळीच निघाला तर? अण्णा आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी शब्दावर न तपासता उभे राहिले होते, आणि तो शब्द मी घरी बनवलेला होता.

आदल्या दिवशी मी जरा चाचपून बघितलं. ‘‘अण्णा, समजा माळी खरंच माळी असला तर?’’

त्यांनी हातातला पेपर खाली केला. ‘‘का? तुला काय कळलं?’’

‘‘कुठं काय. आपलं समजा.’’

‘‘समजा कशाला? तू ऐकलंयस ना?’’

मी हो म्हटलं. बोलायची ती वेळ होती आणि मी हो म्हटलं.

बुधवारी काका पिशवीभर कांदे घेऊन आले. अण्णांनी सवयीनं पिशवीत डोकावून घेतलं.

‘‘बघ बाबा, बाँब नही शे,’’ काका म्हणाले. ‘‘नामपूरचाच कांदा शे.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘काय गं, आज तुझा डॉक्टर सापडणार म्हणे.’’

मी हसले. रेडिओच्या बाजूला भिंतीला टेकून बसले, म्हणजे कुणाला तोंड दिसायला नको.

इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. डॉक्टर आला, आवंढा गिळला, बोलला. मी अण्णांकडे बघितलं. ते पुढं सरकून बसले होते. मग इन्स्पेक्टर म्हणाला, ‘माळीबुवा, तुम्हीही इकडं या.’ पावलं वाजली.  आता दोघं एका खोलीत. बोलणार कसे?

इन्स्पेक्टर म्हणाला, ‘बिचाऱ्याचा घसा बसलाय, त्याला बोलता येत नाही. मान हलवतोय बघा.’

‘‘बघितलं?’’ अण्णांनी काकांची मांडी दाबली. ‘‘बोलतच नाही. बोलला की पकडला जाईल.’’

काकांची पण भुवई वर गेली. ‘‘मायला, हाई तर खरंच गडबड शे.’’

दोन मिनिटं, फार तर तीन, मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी होते.

मग बहीण रडायला लागली आणि दम खात खात म्हणाली, दुधात मीच घातलं. डॉक्टरनं तिला पाणी दिलं. भाच्यानं एकदाचं हसणं थांबवलं. माळी न बोलता दार लोटून निघून गेला, तेच ते कुरकुरणारं दार. संगीत वाजलं. संपलं.

एरवी मी संगीत सुरू झालं की रेडिओ बंद करायचे. व्हॉल्व्ह तापतात म्हणून अण्णांची तशी ताकीद होती. त्या दिवशी मला उठायचं सुचलं नाही, आणि त्यांनाही नाही. त्यामुळे संगीतानंतर निवेदिका काय बोलते ते आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं. ती कलाकारांची नावं वाचत होती. बहीण अमुक, भाचा तमुक. डॉक्टर आणि माळी, आणि पुढं एकच नाव.

काकांनी डोकं खाजवलं. ‘‘म्हणजे रेडिओवाल्यांना माणसं कमी पडली व्हय.’’ मग अगदी सहज, चेष्टा न करता, ‘‘मंग ते ‘नाडी बघू’ कुठं शे?’’

अण्णा उठले. काकांना रस्त्यापर्यंत सोडून आले. परत आल्यावर रेडिओ बंद केला, वर हात ठेवून किती तापलाय ते बघितलं.

‘‘नाडी बघू कोण म्हणालं?’’

‘‘मी.’’

‘‘रेडिओत कोण म्हणालं?’’

‘‘रेडिओत कुणी नाही.’’

बास. ओरडले नाहीत, मारलं नाही. माझी सुटका झाली असं मला वाटलं. पण काकांनी तो किस्सा कँटीनमध्ये सांगितला असणार, कारण पुढं कित्येक दिवस बाजारात प्रेसमधलं कुणी भेटलं की अण्णांना विचारायचं, ‘‘काय डॉक्टर, नाडी बघता का?’’ अण्णा भाजी निवडत राहायचे. भाजीची पिशवी मी धरलेली असायची.

पुढच्या बुधवारी नवीन नाटक सुरू झालं. एका आडगावच्या पोस्टमास्तरचं, त्याच्या टपालातून एक तार गायब होते. मी ऐकलं, सगळे आवाज बसवून ठेवले. साडेचारला अण्णा आले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, ‘‘काय झालं गं आज नाटकात?’’

आई म्हणाली, ‘‘तार हरवली.’’

‘‘आणि?’’

‘‘शोधताहेत.’’

चार बुधवार हे असं चाललं. चौथ्या बुधवारी आईनं सांगितलं, ‘‘पोस्टमास्तरची बायको माहेरी गेली, बरं झालं.’’ अण्णांनी विचारलं, बरं का झालं? आई म्हणाली, ‘‘घर किती पसरून ठेवतो तो मेला.’’

अण्णांनी पेपर उचलला, परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तू सांग. पण जिथं तुझं असेल तिथं बोट वर करायचं.’’

अशी माझी नोकरी परत लागली, तपासणीसकट. मी बोलायचे आणि अण्णा माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे बघायचे. सुरुवातीला हात मी पाठीमागं बांधूनच ठेवायचे, चुकूनही वर जायला नको म्हणून. मग प्रयोग इतका कोरडा व्हायचा की मलाच जांभई यायची. हळूहळू एखादं बोट वर जायला लागलं. अण्णा मान डोलवायचे, म्हणजे नोंद झाली, पुढं चला.

एकदा पोस्टमास्तर रिकाम्या पोस्टात बसून स्वतःच स्वतःला पत्र लिहितो, असा प्रसंग आला. फार भारी होता. तो आपलाच म्हणून सांगायचा मला मोह झाला. मी तो करून दाखवला आणि बोट वर केलं.

‘‘हे तुझं नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘हे रेडिओतलं आहे.’’

मी बोट खाली केलं. ह्यांना कसं कळलं? रात्रभर नाही, पण भांडी विसळेपर्यंत तरी तेच डोक्यात होतं. शेवटी आईला विचारलं.

‘‘कँटीनमध्ये रेडिओ लावलाय म्हणे,’’ ती म्हणाली. ‘‘झाला की महिना. तुला नाही बोलले?’’

महिना. म्हणजे गेले चार बुधवार साडेबाराला ते रेडिओवर ऐकत होते आणि साडेचारला येऊन माझ्याकडून तेच. मला भयंकर संशय आला. मला पकडायला ऐकतात? की आणखी कशाला? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी पेपर वर केला असता.

म्हणून पुढच्या बुधवारी मी एक केलं. रेडिओत तार सापडली होती. मी सापडूच दिली नाही. पोस्टमास्तरला रात्रीच्या गाडीत बसवलं, एक आंधळा भिकारी आणला, त्याला मनमाड स्टेशनवर उतरवलं. शब्दसुद्धा रेडिओतला नव्हता. आणि दोन्ही हात खाली सोडून उभी होते, त्यांना नीट दिसतील असे.

अण्णांनी हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे. चहा संपला तरी कप हातातच होता.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘भिकारी उतरला. पुढं?’’