कसम परेडची डीव्हीडी

मावशीचा मुलगा फौजेत भरती झाला. ट्रेनिंग संपल्यावर जवान शपथ घेतात, त्या कसम परेडचा त्याचा व्हिडिओ मी डाउनलोड केला, पण मावशीच्या तासगावच्या घरी जुना डीव्हीडी प्लेअरच होता. त्यावर चालावा म्हणून व्हिडिओ कन्व्हर्ट करून डीव्हीडी बनवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

चार दिवसांनी मावशी ती डीव्हीडी घेऊन विश्रामबागेत माझ्या दारात उभी. "लागत न्हाई रं."

मी वैतागलोच. माझ्याकडं तर नीट लागली होती! उलटी करून बघितली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं.

"मावशी, असल्या वस्तूला कुणी कुंकू लावतं का?" मी ओरडलो.

"पोरगं वर्दी घालून पयल्यांदाच घरात आलं," ती म्हणाली. "ओवाळल्याबिगर आत कसं घ्यायचं?"