वडाळखेडच्या कमानीची चावी

अकबरमिस्त्रींशी माझं पहिलं भांडण झालं ते एका बादलीवरून. मी भाग्यश्री, नाशिकची, रेल्वेच्या बांधकामावर इंजिनिअर. तोंडाने तिखट, हे मीच सांगून टाकते. वडाळखेडच्या स्टेशनात पहिल्या दिवशी पोचले, तर साठीचा एक माणूस चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी कालवत बसलेला. "कुणाचं बारसं आहे का?" मी विचारलं. मान वर न करता ते म्हणाले, "दगडाचं जेवण आहे, मॅडम. सिमेंट त्याला पचत नाही."

राणीच्या राज्यात बांधलेलं ते स्टेशन एवढंसं, पण रुबाब काय विचारता! काळ्या दगडाच्या टोकदार कमानी, ओतीव लोखंडाचे खांब, खांबांच्या माथ्यावर पानं, छपराला लाकडी झालर. पण वेटिंग रूमच्या दाराची कमान तडकली होती. मोठे साहेब म्हणाले, तोडा आणि काँक्रीटचं बीम टाका. मिस्त्री हटून बसले. तेव्हा साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तोवर कमान धड उभी दिसली नाही, तर तिच्यावर घण पडणार होता.

मिस्त्री मूळचे येवल्याचे. घरात सगळे पैठणीच्या मागावर, हे एकटे छिन्नीकडे वळले. अब्बा त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते म्हणे. मिस्त्री दगडावर हातोडीने टकटक करायचे आणि सांगायचे, हा आतून फुटलाय. मी यंत्र लावून तपासायची. दरवेळी त्यांचंच खरं निघायचं. असा राग यायचा मला!

शुक्रवारी मिस्त्री जुम्म्याच्या नमाजला गेले. मी नाशिकला होते. वेटिंग रूमच्या दाराला कुलूप होतं आणि चावी त्यातच लटकत राहिल्याचं मला आठवलं. आत माझी मोजमापाची यंत्रं. मी मिस्त्रींच्या हाताखालच्या संतोषला फोन केला. "वेटिंग रूमची चावी काढून ऑफिसात ठेव."

दोन तासांनी जाऊन बघते तो काय! नामपूरचा हा पठ्ठ्या परांचीवर चढून कमानीच्या माथ्यावरचा दगड छिन्नीने सुटा करतोय.

"अरे देवा! संतोष, काय चाललंय?"

"चावी काढतोय ना मॅडम. लय जड हाय. ऑफिसात कुठं ठिवायची?"

तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंच्या दगडांना अडवून धरणारा तो मधला दगड, त्याला हे लोक चावी म्हणतात. कॉलेजात आम्ही त्याचं 'कीस्टोन' हे इंग्रजी नाव घोकलं होतं. खाली सेंटरिंगचा, म्हणजे लाकडी फळ्यांचा आधार लावलेला होता, म्हणून कमान जागेवर होती. नाहीतर त्या दिवशी संतोषच गेला असता. 

मिस्त्री आले. मी म्हटलं, "चूक माझी आहे. त्याला बोलू नका." ते सरळ वर चढले, दगडाच्या फटीत बोट घातलं आणि तिथूनच ओरडले, "वर या, मॅडम!" आत कधीकाळच्या दुरुस्तीचा सिमेंटचा गोळा बसला होता. त्याने चावी एका अंगाला रेटली होती, म्हणून तडा. हातोडीच्या आवाजात हे मिस्त्रींनाही ओळखू आलं नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ कबूल केलं. मला तेवढ्यातही बरं वाटलं!

शनिवार-रविवार आम्ही हललो नाही. सिमेंट खरवडलं, बाजू घडवल्या, चुन्यात चावी परत बसवली.

सोमवारी साहेब आले. ताजा चुना बघून भडकले. "दगड कुणी काढला?"

"मॅडमनी," मिस्त्री म्हणाले.  "त्यांनी काढायला लावला म्हणून दुखणं सापडलं, साहेब."

"ओल्या चुन्यावर कमान तोलून धरणार?"

"कमान चुन्यावर उभी नसते, साहेब. दगडांनी एकमेकांना दाबून ती उभी राहते. चुना फक्त पाणी अडवतो." मग संतोषला म्हणाले, "काढ सेंटरिंग." आणि स्वतः कमानीखाली जाऊन उभे राहिले.

मला राहवेना. कमान टिकेल, या अहवालावर सही माझी होती. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.  संतोषने पाचरी ठोकून सैल केल्या, फळ्या खाली घेतल्या. वर करकर झाली, मूठभर धूळ माझ्या केसांवर आली. बस्स. तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली, सबंध प्लॅटफॉर्म हादरला. कमान तसूभर हलली नाही.

साहेबांनी नकाशा उघडला आणि बीमवर पेनाने काट मारली.

मला रडूच कोसळलं, सगळ्यांसमोर. मिस्त्रींनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"रडताय काय? डोळे पुसा आणि छिन्नी घ्या. पलीकडच्या चारही कमानींत तसंच सिमेंट असणार, आणि आता चावी कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे."