मधलं नाव

इथे लिहायची माझी पात्रता नाही, चूक झाली तर सांभाळून घ्या. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... अजूनही नाही, बहुतेक.

दुपारी मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये पार्टटाइम काम करतो. पूर्वी कागदी संमतीपत्रं हरवायची आणि ऐनवेळी ऑपरेशनं रद्द व्हायची. आता पेशंट टॅबवर पूर्ण नाव सांगून 'मान्य आहे' म्हणतो. चारपर्यंत रेकॉर्डिंग झालं नाही, तर उद्याच्या लिस्टमधून नाव आपोआप जातं.

त्या मंगळवारी आमच्याच गल्लीतल्या शांतामावशी होत्या. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबायचं नाही. चारला दहा कमी, आणि मावशी मधलं नाव घेईनात.

"तुला ठाऊक हाय ना? तूच टाक की."

"मावशी, तुमच्याच आवाजात लागतं."

"मग त्या डब्याला सांग, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाय."

त्यांची मुलगी सुरेखाताई वैतागली. "आई, सोळा वर्षं झाली त्यांना जाऊन! अजून कसला मान?"

"जाऊन म्हनू नगं. घर सोडून गेलेत."

शेवटी मावशी बोलल्या – "मी शांता..." जरा थांबल्या, "...मोरे. मला मान्य हाय." चालेल का बघावं म्हणून मी परत लावलं.

"मी शांता..." मग पुरुषाचा थकलेला, खरखरीत आवाज – "भिकाजी." मग "मोरे. मला मान्य हाय."

खोलीत आम्ही तिघंच होतो आणि मी तोंड उघडलं नव्हतं. सुरेखाताईने दार उघडून बाहेर कुणी आहे का पाहिलं. मावशींनी मात्र डोक्यावरून पदर घेतला.

"घेतलं ना नाव? लाव आता फुडं."

ऑपरेशन नीट झालं. रेकॉर्डिंग मी सरांना ऐकवलं. "दुसऱ्या कुणाचा आवाज मिसळला असेल रे," म्हणाले.

परवा सुरेखाताईचा फोन आला. सोलापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात एक माणूस कित्येक महिने पडून होता. रस्त्यावर सापडलेला, वाचा गेलेली, नोंद फक्त 'अनोळखी पुरुष'. त्या मंगळवारी दुपारी तो अचानक बोलला – स्वतःचं पूर्ण नाव, आणि घाटकोपर. तेवढ्यावरून पोलिसांनी शोधत शोधत घर गाठलं.

त्यानंतर तो बोलला नाही. त्याच संध्याकाळी गेला.