सितारानं निवडलेलं मांजर

सिताराला किळस फार. गंज पेठेतल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कपाला दुसऱ्याच्या ओठांचा डाग दिसला की ती चहा न पिता कप बाजूला ठेवायची. भाजीत केस निघाला तर दोन दिवस ती भाजी तिच्या नजरेसमोर चालायची नाही. आणि नशीब असं, की लग्न होऊन ती आली ती मेहबूबभाईंच्या घरात. सासऱ्यांना जनावरांचा नाद. गच्चीवर कबुतरांची ढाबळ, मागच्या अंगणात शेळी, दारात शेरू नावाचा म्हातारा कुत्रा. नवरा शकील दिवसभर बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करत बसायचा. धाकटा दीर सिराज कामाच्या शोधात असायचा, म्हणजे नाक्यावर. तेव्हा कबुतरांची शीट खरवडणं, लेंड्या झाडणं, शेरूची लाळ पुसणं हे सगळं सिताराच्याच वाट्याला. तोंडाला पदर बांधून, श्वास रोखून ती ते करायची आणि मग कोपरापर्यंत हात साबणानं घासायची.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात घरात उंदीर झाले. शेळीच्या चाऱ्यात, तांदळाच्या डब्यामागे, ढाबळीच्या फळ्यांखाली. कबुतरांची पिल्लं अर्धी कुरतडलेली सापडायला लागली. एके दिवशी सकाळी मेहबूबभाई उठले तर अंगठ्याची कातडी गायब. उंदीर फुंकर घालत घालत कुरतडतो, माणसाला कळतही नाही, असं ते कौतुकानं सांगायला लागले. सितारा मोरीकडे धावली आणि ओकली.

विष घालावं तर शेरू खाईल, शेळी तोंड घालेल. मांजर आणावं तर कबुतरं. शेवटी मेहबूबभाईच म्हणाले, "मांजर आणू, पण बघून आणू. सितारा, तू जा. आमच्या कुणाच्या डोळ्यांना घाण दिसत नाही, तुला दिसते."

ती कबुतरांतलं एक गरीब पाखरू टोपलीत झाकून घेऊन निघाली. पहिलं मांजर मंडईमागे, मटणाच्या दुकानाखाली. त्याच्या मिशांवर रक्त वाळून खपली धरली होती. टोपली उघडायचीही तिला गरज वाटली नाही.

दुसरं नारायण पेठेत. शकीलच्या गिऱ्हाईकांपैकी श्रीधरपंत म्हणून कारकून होते, त्यांच्या घरी. त्यांच्या पत्नी हेमाताईंनी पांढरंशुभ्र मांजर दाखवलं. ते ओट्यावर बसून दुधाच्या पातेल्यात तोंड घालत होतं.

"अहो, ते पितंय दूध," सितारा न राहवून म्हणाली.

"पिऊ दे. मांजराचं तोंड स्वच्छ असतं," असं म्हणून हेमाताईंनी तेच पातेलं उचललं आणि चहाच्या आधणात रिकामं केलं. "घेणार ना आपण अर्धा कप?"

सितारानं घाईघाईनं टोपलीचं झाकण किलकिलं केलं. मांजर जमिनीला पोट टेकून दबलं, शेपटीचं टोक हलायला लागलं, दात कटकट वाजायला लागले.

"हे नको," सितारा म्हणाली.

"आमच्या मनीला नापास करायला घरून शिकून आलात वाटतं," हेमाताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. निदान चहा टळला.

तिसरं भवानी पेठेत, सोनबाच्या पिठाच्या गिरणीत. करड्या रंगाची मांजरी, एक कान फाटलेला, नाकाला पीठ लागलेलं. सोनबा सासवडकडचा. म्हणाला, "कोंबड्यांत वाढलीय. पिल्लं पाठीवर चढत्यात तरी गप पडून ऱ्हाती. उंदराला मात्र काळ हाय." सितारानं टोपली उघडली. मांजरीनं कबुतराकडे पाहिलं, जांभई दिली आणि पंजा चाटत बसली. सितारानं दोन बोटांनी तिचे कान उलटून पाहिले, डोळे पाहिले, शेपटी उचलून पाहिली. सगळं स्वच्छ. स्वतःलाच शिसारी येत असतानाही तिनं तिला पोत्यात गुंडाळून कडेवर घेतलं. घरी तिचं नाव पडलं पिठी.

पहिले काही दिवस पिठीला कोठीच्या खोलीत कोंडलं. सितारा शेरूच्या अंथरुणाचं फडकं तिच्याजवळ टाकायची आणि तिचं पोतं शेरूखाली. वास सवयीचा झाल्यावर शेरूला साखळीला बांधून दार उघडलं. शेरू भुंकत पुढे आला. पिठीनं नखं आत ओढूनच त्याच्या नाकावर एक चापट दिली. तिथेच तो विषय संपला.

आणि मग उंदीर यायला लागले, मेलेले. पिठी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उंदीर आणून ठेवायची आणि सिताराकडे बघत बसायची. सितारा तोंड फिरवून चिमट्यानं उचलायची. कौतुकाचा एक शब्द तिनं कधी काढला नाही. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती: ही आपली घाण आपण मातीत पुरून येते. या घरात असं दुसऱ्या कुणाबद्दल म्हणता आलं नसतं.

दिवाळीच्या सुमारास कबुतरं कमी व्हायला लागली. आज एक, चार दिवसांनी दोन. मेहबूबभाईंची लाडकी लोटण, आकाशात कोलांट्या मारणारी पांढरी मादीसुद्धा गेली, तेव्हा म्हातारा जेवला नाही.

"मांजर ते मांजर," सिराज म्हणाला. "मी आधीच सांगत होतो."

"एक पीस तरी सांडलंय का कुठे?" सितारानं विचारलं. पण तिचं कुणी ऐकलं नाही. ती दोन दिवस माहेरी गेली, आणि परत आली तर पिठी नव्हती. सिराजनं तिला पोत्यात घालून खडकवासल्याला नेऊन सोडलं होतं. शकीलनं स्कूटर दिली होती.

त्याच आठवड्यात आणखी एक जोडी नाहीशी झाली.

शुक्रवारी मेहबूबभाई नमाजला गेले होते. सितारा अंगणात शेळीखालचं झाडत होती. सिराज जिन्यावरून उतरला. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवी हलत होती. सितारा जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. "उघड."

"भाभी, बाजूला हो."

तिनं पिशवी ओढली. आत दोन कबुतरं, पाय दोऱ्यानं आवळलेले, भीतीनं एकमेकांवर हगलेली.

"स्वारगेटला एका म्हाताऱ्याला लकवा झालाय," सिराज म्हणाला. "कबुतराचं गरम रक्त अंगाला चोळतात. चांगले पैसे देतात ते लोक."

"आणि मांजर?"

तो हसला. "कुणावर तरी जायलाच हवं होतं ना."

मेलेले उंदीर, लाळ, विष्ठा, सगळं तिनं या घरात काढलं होतं. पण त्या हसण्यानं तिला जी ओकारी आली, ती कशानंच आली नव्हती.

संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. शकील खाली बघत राहिला. मेहबूबभाईंनी सुटलेली ती दोन कबुतरं मांडीवर घेतली. मग म्हणाले, "घरातली गोष्ट घरातच राहू दे, बेटा. पोरगं आहे आपलं." बोलताना ते कबुतरं कुरवाळत होते, आणि सिताराला त्या कुरवाळणाऱ्या हातांचीही घृणा आली.

"राहू दे," ती म्हणाली. "पण मांजर आणायला उद्या हा माझ्याबरोबर येईल. नाही आला, तर ही गोष्ट मी गल्लीत प्रत्येक दारात सांगेन."

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून बसनं दोघं खडकवासल्याला गेली. वाटेत ती त्याच्या शेजारी बसली नाही. धरणाच्या काठावर त्यानं पोतं कुठे सोडलं ते दाखवलं. दोघं दुपारपर्यंत शोधत राहिली. शेवटी मैना नावाच्या भजीवाल्या बाईनं सांगितलं, "करडं मांजर ना? माझ्या गाडीखाली पडून असतंय. आजारी हाय."

पिठीच्या बरगड्या दिसत होत्या. एक डोळा पुवानं चिकटला होता, पोटाला कुसळं रुतली होती. सिराजनं उचलायला हात घातला तर तिनं मनगट फाडलं.

"सरक," सितारा म्हणाली. ती खाली बसली, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि तिचा डोळा पुसला. पू बोटांना लागला. तिनं ती बोटं लगेच धुतली नाहीत. आधी दुसरा डोळा पुसला, कुसळं काढली, मग मांजर पोटाशी धरून बसकडे चालू लागली.

पिठीचा तो डोळा अधूच राहिला, पण ती पुढे बरीच वर्षं जगली आणि ढाबळीतल्या एकाही पिसाला तिनं तोंड लावलं नाही. सिराजला नोकरी लागली, लग्न झालं, त्यानं कोंढव्यात वेगळं बिऱ्हाड केलं. ईदला तो येतो. सितारा सगळ्यांना आपल्या हातानं शिरखुर्मा वाढते. सिराजची वाटी शकीलला भरावी लागते.